तांदळात पाय घातला म्हणून फटका

पनवेलकरांनो, आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

माझी पुतणी परी, पाच वर्षांची. तिला पायाखाली वाळू, गवत, ओली लादी, काहीच सहन होत नाही. कायम चवड्यांवर चालते. ऑक्युपेशनल थेरपीवाल्या ताईंनी सांगितलं, टबात तांदूळ भरा, त्यात पाय घालून खेळू दे, हळूहळू सवय होईल. तीन आठवडे ती टबाजवळ फिरकली नाही. मी घरी टिकत नाही, बाईक काढली की जासई, उरण, रस्ता नेईल तिकडे. पण आज होतो, आणि आज पोरीने स्वतःहून पाय घातले. टाचा टेकल्या! हसली पण.

तेवढ्यात आपट्याहून माझी आत्या आली. आल्या आल्या पोरीच्या पोटरीवर फटका. "अन्न तुडवतेस? लक्ष्मी हाय ती!"

"आत्या, थेरपीवाल्या ताईंनीच सांगितलंय."

"पैशे देऊन पाप शिकवता काय तुमी? मोठी झाली की चालंल नीट."

माझं तोंड सुटलंच. "तू लग्नात उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायानं लवंडून आत गेलीस, तेव्हा तुला लक्ष्मी म्हणाले ना?"

"तोंड बघा याचं! दहावीला दोनदा बसलेला!"

परी तेव्हापासून पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसलीय. जमिनीला पाय लावायला तयार नाही.

आत्या आठ दिवस राहणार आहे. मी टब उचललेला नाही, उचलणारही नाही. तुमच्या घरी असलं माणूस आलं तर तुम्ही काय सांभाळता, त्याचा मान की पोर?