बंबावरचे भटजी

आमच्या शेजारच्या भटजींइतका आगीला भिणारा माणूस सबंध गिरगावात नव्हता, आणि आगीच्या बंबावरच्या गड्यांना धीर देण्याचं काम मात्र त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. होमात तूप सोडायचं तर पळीला लांब वेळूची काडी बांधून घेत. समईची वात तडतडली तरी दचकून मागे सरत. असा हा गृहस्थ रोज स्नानसंध्या आटोपून बंबखान्यात हजर! तिथले बहुतेक गडी कोकणातले. कुणाच्या गावाहून वाईट खबर आली की त्याच्याआधी यांच्याच डोळ्यांना धार लागे. बंबाच्या घोड्यांनासुद्धा अंगारा लावत. अग्नी देव असून त्याला विझवायचं, हे पाप नव्हे का, असं एकाने भीतभीत विचारलं, तेव्हा भटजी उसळले, "देव झाला म्हणून लोकांच्या घरात शिरून धिंगाणा घालील? खुशाल पाणी ओत, पातक माझ्या माथी!"

एका वर्षी परळकडच्या आगीत छप्पर कोसळून बंबावरच्या रघू नावाच्या गड्याचा जोडीदार गेला, आणि रघूने बंबावर पाय ठेवणंच सोडलं. घोड्यांचं दाणापाणी करी. आगीची घंटा झाली की तबेल्यात तोंड लपवून बसे. "माका आता जमूचा नाय, भटजीबुवा," एवढंच म्हणे. दसऱ्यापर्यंत वाट पाहीन, मग नाव कापीन, असं जमादाराने बजावलं होतं. भटजी रोज रघूजवळ जाऊन बसत. उपदेश नाही की काही नाही, आपल्याच भित्रेपणाच्या गोष्टी सांगत.

खंडेनवमीला बंबाची पूजा असे. प्रसादाच्या आशेने मीही गेलो होतो. बंबाला झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि ऐन आरतीत आगीची घंटा झाली. लालबागेत एक वखार पेटली होती. पूजेत मांडलेली वस्तू उत्तरपूजेच्या अक्षता पडल्याशिवाय हलवायची नाही, म्हणून सगळे खोळंबले; रघू तेवढा तबेल्याकडे सरकू लागला. "भटजी, आटपा!" जमादार ओरडला. भटजी काहीतरी पुटपुटले आणि एकदम सोवळं सावरत बंबावरच चढले. "उत्तरपूजा वाटेत करतो! रघ्या, मेल्या, बघतोस काय? धर मला, पडेन ना मी!"

रघू धावला, वर चढला आणि त्याने भटजींना घट्ट कवटाळलं. सोवळ्याचं काय झालं ते देवच जाणे. घोडे सुटले. लालबागेत रघू इतरांबरोबर आत शिरला आणि काळाठिक्कर होऊन, पण धडधाकट बाहेर आला. त्याची नोकरी राहिली. भटजी मात्र धसक्याने तापाने फणफणले.

समाचाराला गेलो तेव्हा मी म्हटलं, "एवढी भीती वाटते तर चढलात कशाला? अक्षता खालूनही टाकता आल्या असत्या."

"टाकल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "चढायच्या आधीच. रघ्याला मात्र सांगू नका हो."

भटजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. रघू भेटला की अजून छाती फुगवून सांगतो, "मी धरलंय म्हणान बुवा वाचले!" मी होय म्हणतो, आणि मला भटजींची फार आठवण येते.