चौथा काजळ्या

लोणखेड्याच्या भिला नावाच्या शेतकऱ्याच्या तोंडावरून वारं गेलं, डावा गाल खाली उतरला, आणि गावाने त्याचं नाव काजळ्या ठेवलं. काजळ्या म्हणजे चित्रांच्या पुस्तकातला वाकड्या तोंडाचा खलनायक. त्याच्यावर तीन सिनेमे निघाले, तिन्हींत नट वेगळा. भिलाने तिन्ही पाहिले. ज्याच्या नावाने हाक मारतात, तो माणूस बघायला नको का?

चहाच्या टपरीवर पोरं त्याला धरून बसवत. "काजळ्या, पहिलावाला हाशी दाखाड!"

पहिल्या सिनेमातला गडगडाटी हसे. दुसरा शब्द चावून चावून बोले. भिला दोघांची नक्कल करी आणि म्हणे, "पन तिसराच खरा शे. तो हासतांना तोंडवर हात धरस. वाकडं तोंड कोनी मिरावत नई, भाऊ."

"आन चौथा?" म्हणत पोरं मोबाईल त्याच्या गालाला भिडवत.

भिलाची पोर चेतना. शिकलेली, देखणी. आधीचं एक स्थळ बापाचं तोंड बघून चहा न पिताच उठलं होतं. आता तळोद्याचे पाहुणे येणार म्हटल्यावर धाकटा भाऊ कुंदन म्हणाला, "दादा, सकाय मी बठस तुन्हा जागावर. भिला म्हनीसन. पोरनं भलं व्हई."

भिलाने बायकोकडे पाहिलं. मंगलाबाई पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. झालं, ठरलं.

पाहुणे आले. कुंदन भिलाची टोपी घालून भिलाच्या खाटेवर बसला. बागेकडे बोट दाखवत "मन्ही पपई, मन्ही पोर" म्हणून छाती फुगवू लागला. भिला तोंडाला रुमाल बांधून पाण्याचे तांबे भरत होता आणि ऐकत होता. भाऊ फारच मोठ्याने बोलतोय, अगदी पहिल्या काजळ्यासारखा. मंगलाबाई प्रत्येक शब्द चावते, म्हणजे दुसऱ्यासारखी.

तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या बापाने विचारलं, "भिलाभाऊ, तो रुमालवाला कोन शे?"

कुंदन डोक्यावरची टोपी सारखी करू लागला. चेतनाने चहाचा ट्रे खाली ठेवला, पदर सावरला. "आमना सालदार शे. जुना शे."

आवाज हलला नाही, पापणी लवली नाही. आपल्याच शेतावर सालाने ठेवलेला गडी झालेल्या भिलाला वाटलं, हिने सगळ्यांवर ताण केली.

मुलगी पसंत पडली. पाहुणे गेल्यावर भिला गोठ्याशी उरलेले पोहे खात बसला. सालदाराने शेवटीच खायचं असतं ना. मंगलाबाईच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. "मंग कन्यादान कोन करी?"

"मीच," कुंदन म्हणाला. "दाखाडेल बाप बदलता येस का, वहिनी?" पत्रिकेत नाव भिलाचं, पाटावर कुंदन.

"मंग मी?" भिलाने पोरीला विचारलं.

चेतना मोबाईलवर साड्या बघत होती. "आप्पा, तुम्ही पंगतीत वाढायला उभे राहा. रुमाल मात्र सोडू नका."

भिलाने मान डोलावली, पोह्यांची ताटली खाली ठेवली, रुमाल पुन्हा तोंडावर घेतला आणि मागे हात नेऊन गाठ चाचपून पाहिली.