मुकादमाची पाच जेवणं

बत्तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ज्यानं चारशे माणसांना जेवू घातलं, त्याला निवृत्तीनंतर एका कुत्र्यावर भागवावं लागलं, तर काय होणार? कुत्रा फुगणार. दुसरं काय!

आता आचारीकाकांना दोष तरी कसा द्यायचा? माणूस सोन्यासारखा. पण सहा, नऊ, अकरा, तीन आणि सात हे आकडे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले. कॅन्टीनची घंटा त्या वेळांना व्हायची, आणि घंटा झाली की ताटं भरलेली हवीत. शिवाय त्यांचा एक कायदा होता. समोर आलेल्याला भूक आहे का, असं विचारायचं नाही. वाढायचं. भिडस्त माणूस नको नको म्हणत उपाशी परत जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरात घंटा नव्हती, पण डोक्यातली घंटा कोण बंद करणार? दिवसातून पाच वेळा काका उठत, भातात उकडलेलं अंडं कुस्करत आणि मुकादमापुढे ठेवत. मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही आणि दुसऱ्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं, म्हणून काकूंनी ठेवलेलं नाव. तो भांडं चाटूनपुसून लख्ख करायचा आणि काका म्हणायचे, "बघ, उपाशीच होता बिचारा!"

एके दिवशी हा बिचारा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला तो बसलाच. मागचे पाय लटपटायला लागले, उठता येईना. काकांच्या काळजाचं पाणी पाणी झालं. धापा टाकत, त्याला कडेवर घेऊन त्यांनी जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर ठेवलं, पाय दाबून पाहिले आणि विचारलं, "काका, दिवसातून किती वेळा खायला घालता?"

"पाचच वेळा."

"पाचच?" बाई काकांकडे बघतच राहिल्या. "अहो, एवढ्या मोठ्या कुत्र्याला दोनदा पुरे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, तेही मापानं. मध्ये काही म्हणजे काही नाही. नऊ किलो जास्त भरलाय हा. असंच चाललं तर सहा महिन्यांत मागचे पाय जातील."

"माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाचं पोट दुखलं नाही," काका पडेल आवाजात म्हणाले.

"याचंही पोट कुठं दुखतंय? पाय दुखतायत."

अति तिथं माती, ही म्हण काकांनी आयुष्यभर मिठाच्या बाबतीत दुसऱ्यांना ऐकवली होती. आज ती त्यांच्याच वाट्याला आली. मुकादमाला घेऊन ते घरी निघाले. पाय जातील ही भीती तर होतीच, पण आणखी एक होती, ती सांगायची लाज वाटत होती. दोनदा वाढून झालं की बाकीचा दिवस आपला उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकांनी मापून वाढलं. नऊ वाजता दातावर दात धरून बसून राहिले. अकराला मात्र पाय आपोआप उचलले गेले. त्यांच्यामागे मुकादमही कण्हत उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"एक घास देतो गं," काका पातेल्याच्या झाकणाला हात घालत म्हणाले. "पोटात कावळे ओरडत असतील त्याच्या. एका घासानं काय होतंय?"

बाहेरच्या खोलीत काकू शाळेचे गणवेश शिवत होत्या. मशीन थांबलं. "अहो, या इकडे आणि बसा मुकाट्यानं."

काका खुर्चीत बसले. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते मांडीखाली दाबून धरले. मुकादम समोर आला, त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. काकांनी मान फिरवली. मग त्यानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली, काकांच्या पावलावर हनुवटी टेकली आणि चक्क घोरायला लागला.

"अगं, झोपला हा!" काका कुजबुजले. "उपाशीपोटी?"

"उपाशी कुठला! भुकेनं तो कधी उठलाच नाही. तुम्ही उठलात की तो उठायचा. वर्षभर बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी सुईतला दोरा उगाच काढला, पुन्हा ओवला. "कुठल्या तोंडानं बोलू? नोकरी संपल्यावर महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होतात तुम्ही. याला वाढायचं म्हणून उठायला लागलात, दाढी करायला लागलात. ते काढून घेऊ? म्हटलं, कुत्रा सुटला तर सुटू दे, माझा माणूस तर उभा राहिला. चुकलंच माझं. त्याच्या पायांवर आलं."

काकांनी पायाशी घोरणाऱ्या मुकादमाकडे पाहिलं. बत्तीस वर्षं लोक ताट घेऊन पुढे येत, भरलं की वळून जात. वाढून झाल्यावर कुणी त्यांच्यापाशी थांबलं नव्हतं, आणि थांबावं असं त्यांनाही कधी वाटलं नव्हतं.

"म्हणजे हा माझ्यासाठी यायचा?"

"अंड्यासाठीही येत असेल, खोटं कशाला बोलू," काकू हसल्या. "पण आज अंडं नाही, तरी गेला का?"

काकांनी डोळे पुसले आणि पाय तसाच ठेवला.

तीन महिन्यांनी काट्यावर सहा किलो उतरलेले दिसले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "मधल्या वेळेला त्रास देतो का हो हा?"

"देतो तर!" काका छाती पुढे काढून म्हणाले. "अकरा वाजले की पायावर डोकं ठेवून झोपतो. तासभर हलता येत नाही मला."