यशोधरेच्या रक्ताचा कागद

आमच्या तिसगावच्या वस्तीत विहारापुढं एक काळा फळा हाय. त्याच्यावर माझी भावजय यशोधरा रोज सकाळी खडूनं बातम्या लिहायची. कोन गेलं, कुनाचं पोरगं पास झालं, लस कवा हाय, सगळं. अक्षर असं, की मास्तर लोक सायकल थांबवून वाचायचे. बारावी शिकलेली, बालवाडीत शिकवायची, आन बोलायला अशी फटकळ की माझ्यासारखीला बी गप करायची. मी विमल, तिची थोरली ननंद. नवरा गेल्यावर माहेरीच राह्यले. आई लवकर गेली म्हनून धाकट्या भावाला, चेतनला, मीच वाढवलेलं, त्याच्यापायी साऱ्या गावाशी भांडायची माझी तयारी. त्याच पायी मी काय करून ठेवलं, ते आज सांगते.

यशोधरेला अर्धशिशी हुती. आधी डोळ्यापुढं नागमोडी चकाकी यायची, मग फळ्याची एक बाजूच दिसंनाशी व्हायची. निम्म्या ओळी कोऱ्या दिसल्या की मी समजायची, आली हिची. मग अर्धं डोकं धरून अंधारात पडायची, उलट्या करायची. आमच्याकडं त्याला एकच औशद, दिस उगवायच्या आत गरम दुधात जिलेबी. मी चौकातल्या हॉटेलवाल्याच्या मागं लागून पहिला घाना तिच्यासाठी काढायला लावायची. "आक्का, अशानं मी डोक्यानं न्हाई, साखरंनं मरन," ती म्हनायची. सांजपर्यंत उतार पडायचाच, आन मी वस्तीभर सांगत फिरायची, माझ्या जिलेबीनं बरी झाली म्हनून.

ब्यान्नव साली तिला दिस गेले. नगरला रक्त तपासलं, कागद आनायला मी एकटीच गेले. रक्त तपासनाऱ्या बाईनं मला आत बोलवलं, दार लोटलं आन हळूच सांगितलं, की गुप्तरोगाची एक तपासनी असती, ती हिच्यात दोष दाखवतीय. "घाबरू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. नवऱ्याचंही रक्त तपासून घ्या," म्हनाली. चांगलं बोलली बाई, पन मला पुढचं ऐकूच आलं न्हाई. चेतन ट्रकवर ड्रायव्हर, कांदा घेऊन मुंबईला जायचा, चार चार दिस तिकडंच. तवा भिंतीभिंतीवर एड्सच्या पाट्या लागलेल्या. माझ्या डोक्यात एकच बसलं, माझ्या भावानं शेन खाल्लं.

घरी आल्यावर म्हनाले, "रक्त कमी हाय, बीट खा." बाळंतपनाच्या डॉक्टरीनबाईला सांगितलं, कागद एसटीत पडला. आन कागद गेला माझ्या ट्रंकंत, लुगड्याच्या तळाला. यशोधरेला कळलं तर ती माहेरी निघून जाईल, चेतनचं घर मोडंल, असं वाटलं मला. पाचव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. दोन वर्सांनी परत दिस गेले, तवा मी नगरला नेलंच न्हाई, उगं रक्त काढत्याल म्हनून. ते बी तसंच गेलं. दोन्ही येळा यशोधरेनं पंधरा दिस फळ्याला हात लावला न्हाई. मी मनातल्या मनात भावाला शिव्या दिल्या. त्याचं ताट वेगळं घासायला लागले, त्याच्या तांब्यातलं पानी प्यायचं सोडलं. तो बिचारा इचारायचा, "आक्का, माझ्यावर रागावलीस का?" मी म्हनायची, "गप जेव."

शहान्नव सालच्या थंडीत एका सकाळी शेजारची रंगुबाई वरडत आली, "विमल, तुज्या भावजयीची अर्धशिशी उठली बघ! ओळी कशा घसरल्यात!" मी पळत विहारापुढं गेले. पहिली ओळ सरळ, दुसरी तिरकी, तिसरी पार खाली उतरलेली. खडू मातीत पडलेला, आन यशोधरा भिंतीला टेकून बसलेली. आमी दोघींनी धरून तिला घरी आनलं. मी तिला अंधारात निजवलं आन पळाले जिलेबीला. अगं आई गं! जिलेबीला पळाले मी!

दुधातला घास तोंडात घातला, तर दूध ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून मानंवर आलं. मी म्हटलं, "गिळ की गं." ती नुसती माझ्याकडं बघत हुती. बोलायला गेली तर "आ... आ..." एवढंच. तिचा उजवा हात उचलून पाह्यला, सोडला, तर धपकन अंथरुनावर पडला. माझ्या हातातली वाटी सुटली. एकोनतीस वर्सांच्या बाईला लकवा? लकवा म्हाताऱ्यांना व्हतो, एवढंच मला ठाऊक हुतं. जीप मिळून नगरला पोचंपर्यंत दुपार झाली.

नगरच्या दवाखान्यात पुन्याचे मेंदूचे डॉक्टर शनिवारी यायचे. त्यांनी मेंदूचा फोटो पाह्यला, छाती तपासली, कागद वरखाली केले. मग चेतनला म्हनाले, "मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे. पण बीपी नाही, साखर नाही, हृदय चांगलं आहे. एवढ्या तरुण बाईला हे का झालं, ते मला शोधायलाच हवं. कारण सापडलं नाही तर गुठळी पुन्हा होऊ शकते. पुढच्या वेळी ती वाचेलच असं मी सांगू शकत नाही."

मग त्यांनी एकेक इचारलं. डोकं दुखायचं का? व्हय. मुलं गेली का? व्हय, दोन. "जुना काही रक्ताचा रिपोर्ट? त्यात काही वेगळं आलं होतं?"

चेतन म्हनाला, "न्हाई साहेब. रक्त कमी हाय, एवढंच म्हनाले हुते. व्हय ना गं आक्का?"

खाटंवर यशोधरा, खाटंला धरून चेतन, शेजारच्या खाटंवरची मानसं कान देऊन ऐकत हुती. बोलले तर भावाचं नाक कापलं जाईल, न्हाई बोलले तर ही मरंल. डॉक्टर पुढच्या खाटंकडं वळले, तवा मी त्यांची बाहीच धरली.

"साहेब, हुता एक कागद. गुप्तरोगाचा. मी लपवला. माझ्या भावाकडनं आलाय तो रोग हिला, आता मारा न्हाईतर सोडा मला."

चेतन माझ्याकडं बघतच राह्यला. डॉक्टर मात्र रागावले न्हाईत. ते खाटंच्या कडंला बसले आन सावकाश म्हनाले, "मावशी, तो रोग कदाचित नव्हताच. काही माणसांच्या रक्तात चुकीची प्रतिद्रव्यं तयार होतात. आपल्याच शरीराविरुद्ध उठतात ती. त्यांच्यामुळं ती गुप्तरोगाची तपासणी फसते आणि नसलेला रोग दाखवते. रक्त मात्र घट्ट होतं, जागोजागी गुठळ्या धरतं. मूल पोटात टिकत नाही. तरुणपणी लकवा होतो. पुष्कळदा अशा रुग्णांचं डोकंही दुखतं. सगळ्या अर्धशिशीत हे नसतं, घाबरू नका, पण हिच्यात हे सगळं एकत्र दिसतंय."

दोघा नवरा-बायकोची गुप्तरोगाची पक्की तपासनी झाली. दोघांची साफ निघाली. यशोधरेचं आनखी रक्त मुंबईला गेलं, त्यात ती प्रतिद्रव्यं सापडली. भरपूर. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, ती जन्मभर घ्यायची. डॉक्टर म्हनाले, आता धोका लई कमी झाला. मी इचारलं, "साहेब, चार वर्सांमागं कागद दाखवला असता तर?" ते म्हनाले, "खात्रीनं सांगता येत नाही. पण कोणीतरी शोधलं तरी असतं."

घरी आल्यावर चेतन दारातच उभा राह्यला. "आक्का, म्हनून तू माझं ताट वेगळं घासायचीस?" असं म्हनून माझा भाऊ ल्हान लेकरावानी रडला. मी त्याच्या पाया पडायला गेले, तर त्यानं पाय मागं घेतले.

तीन महिन्यांत यशोधरा काठी टेकत चालायला लागली. शब्द एकेक करून परत आले. हात न्हाई आला. बालवाडीतली पाटी मांडीवर ठेवून ती डाव्या हातानं गिरवायची. एका सकाळी तिनं पाटी माझ्यापुढं सरकवली. लिवलेलं, "दुसऱ्या येळी?"

मला कळलं. दुसऱ्या बाळाच्या येळी मला ठाऊक हुतं का, असं ती इचारत हुती. मी म्हटलं, "व्हय. कागद ट्रंकंतच हुता." तिनं पाटी पुसली. मग माझ्या हातात खडू ठेवला आन म्हनाली, "आक्का... तू... फळा... लिही."

चौथी शिकलेली मी. विहारापुढं उभी राह्यले. मागं पायरीवर यशोधरा बसलेली. मी लिवलं, "माझ्या भावजयीच्या रक्ताचा कागद मी चार वर्सं लपवला. तिचा हात गेला. दोन मुलं गेली. तुमी लपवू नका. विमल." मानसं जमली. मला वाटलं, आता कुनीतरी थुकंल माझ्या तोंडावर.

रंगुबाईला वाचता येत न्हाई. तिनं शेजारच्या पोरीकडनं वाचून घेतलं, परत एकदा वाचायला लावलं, आन घरी गेली. परत आली तर पदराला पीठ लागलेलं. घडी घातलेला एक कागद तिनं यशोधरेपुढं धरला.

"माझ्या सुनंच्या रक्ताचा हाय," ती म्हनाली. "पिठाच्या डब्यात हुता. बघ गं बाई, काय लिवलंय."

यशोधरेनं डावा हात पुढं केला.