सैन्य नसलेल्या देशाचे दादा

जपानचं संरक्षण धोरण टोकियोत ठरतं असं सगळं जग मानतं. जर्मनीतल्या येना शहरातल्या आमच्या इमारतीत मात्र ते तिसऱ्या मजल्यावर, शेजारच्या दादांच्या स्वयंपाकघरात ठरायचं. दादा मूळचे नागपूरचे, इथे एका कारखान्यात लेन्सचं काम करतात. मधली काही वर्षं त्यांनी जपानमध्ये पीएचडीत घालवली आणि तिथून ते परत आले ते फक्त शरीराने. कुणाचे आभार मानायचे झाले की कमरेतून वाकणार. बसचे ड्रायव्हर तर त्यांचं काहीतरी खाली पडलंय असंच समजत. घरात सोफा घेतला नाही, कारण शेवटी जपानलाच जायचंय, मग तो विकत बसायचा कुणाला? पाहुण्यांना जमिनीवर बसवून ते गवताच्या चवीचा हिरवा चहा पाजत, आणि वहिनी दया येऊन पाठोपाठ आल्याचा चहा आणत.

पण या माणसाचं खरं प्रेम होतं जपानच्या राज्यघटनेवर. आपल्या घटनेच्या खालोखाल जगात तीच, असं ते म्हणत, कारण तिने युद्धच सोडून दिलंय. बुद्धपौर्णिमेच्या जेवणात कुणी चुकून ‘जपानचं सैन्य’ म्हटलं की दादा हातातली पुरी खाली ठेवत आणि ‘स्वसंरक्षण दल’ अशी दुरुस्ती करत. पुढे बातम्या बदलायला लागल्या. तिथल्या हेलिकॉप्टरच्या बोटीवर लढाऊ विमानं उतरली, तेव्हा दादांनी ती बोट राखणदारीचीच असल्याचं आम्हाला पटवून दिलं. शत्रूच्या तळापर्यंत पोचणारी क्षेपणास्त्रं घ्यायचं ठरलं, तेव्हा देश लांबलचक आहे हो, म्हणाले. संरक्षणाचा खर्च दुप्पट करायचं ठरलं, तेव्हा महागाईवर घसरले. सरकारी प्रवक्त्यालाही एवढी माया जमली नसती. आम्ही हसायचो, आणि आज त्या हसण्याचं वाईट वाटतं.

कारण गेल्या हिवाळ्यात त्यांना खरंच बोलावणं आलं. जपानमधल्या त्यांच्या पीएचडीच्या सरांची जुनी प्रयोगशाळा, तीच इमारत, आणि दादांना तिथे प्रमुखाची जागा. वहिनींनी पातेली कुणाला द्यायची तेही ठरवून टाकलं. मग कळलं की आता तिथे संरक्षण खात्याचा पैसा येतो, आणि काम आहे लांबून येणारी क्षेपणास्त्रं टिपणाऱ्या लेन्सचं. सरांनी उभ्या आयुष्यात लष्कराचा पैसा घेतला नव्हता, आणि विद्यार्थ्यांकडूनही तसा शब्द घेतला होता. दादांनीही तो दिला होता.

सर आता निवृत्त झालेत. ते रागावतील, नको म्हणतील, म्हणजे आपल्यालाही नको म्हणणं सोपं जाईल, अशा आशेने दादांनी त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी इथल्या ‘झाले’ नावाच्या नदीकाठी फिरताना त्यांनी मला सगळं सांगितलं. सर शांतपणे म्हणाले होते, “माझ्या नातवंडांच्या डोक्यावरून शेजारच्या देशाची क्षेपणास्त्रं जातात. तू ये. मी तुला त्या शब्दातून मोकळं करतो.”

मला त्यांना समजवावंसं वाटलं. मी म्हटलं, दादा, जर्मनीही आता सैन्यावर पैसा ओततेय, तुमचा टॅक्स त्यातच जातो, मग तिथेच काय बिघडलं?

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ते म्हणाले. “पण इथे मी नुसता नोकरीला आलो रे. तिथे मी माणूस म्हणून घडलो. सरांचं चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांची नातवंडं तिथे आहेत, माझी नाहीत. पण मला जाता येणार नाही.”

मग नाक पुसून थंडीला दोष दिला. मीही थंडीलाच दिला.

त्यांनी नकार कळवला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. वहिनींनी पातेली पुन्हा मांडणीवर लावली, आणि दादांना तेच जास्त लागलं असावं. सरांचा फोन मात्र अजून येतो. परवा मी तिथेच बसलो होतो. सरांनी गुडघ्यांचं सांगितलं, दादांनी इथल्या बर्फाचं सांगितलं. सगळं आयुष्य लेन्समध्ये घालवलेली ती दोन माणसं बराच वेळ बोलत होती, आणि लेन्सचा विषय दोघांनीही काढला नाही.