काजळीवरची सही

दुपारी जेवून आडवी झाले की मला लगेच झोप लागत नाही. डोळे मिटतात, पण ऋजुताचा, म्हणजे माझ्या सुनेचा, मिक्सर ऐकू येत राहतो. आज त्याची घरघर मंद होत जाते आणि एका फिरत्या नळकांड्याची होते. नळकांड्यावर काजळी धरलेला कागद गुंडाळला आहे. म्हणजे मी फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या प्रयोगशाळेत आहे, आणि साल एकोणीसशे चौसष्ट.

मादाम बूव्हिए खिडकीपाशी उभ्या आहेत. हृदयाच्या अभ्यासात फ्रान्सभर त्यांचा दबदबा होता. त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली.

"बस," त्या म्हणतात. मराठीत. जिवंतपणी त्यांना माझं आडनावही नीट म्हणता आलं नाही.

"मराठी कधी शिकलात?"

"आता वेळच वेळ आहे."

मी बसते ती रत्नागिरीच्या आमच्या स्वयंपाकघरात, पाटावर. समोर बशीत बेडकाचं हृदय, बोराएवढं, बर्फाने थांबलेलं. त्याला दोऱ्याने बांधलेली काडी काजळीवर सरळ पांढरी रेघ ओढते आहे. दाराबाहेर आईच्या बांगड्या वाजतात. स्वयंपाकघरात बेडूक आणला म्हणून ती आत येत नाही.

"संग्रहालयाचं पत्र आलं ना तुला?" मादाम विचारतात.

आलं आहे. ज्या आलेखाने मादामचं नाव झालं, तो आता काचेत ठेवणार आहेत. तिथल्या एका मुलीला मात्र तारखा जुळेनात. आलेख काढला त्या दुपारी मादाम प्रयोगशाळेत नव्हत्याच. मग आलेख कुणाच्या हातचा, असं तिने मला विचारलं आहे. शुक्रवारी त्याखाली नावाची पाटी लागणार. तीन आठवडे झाले, मी उत्तर दिलेलं नाही.

"कुणाच्या हातचा ते तुम्हाला ठाऊक आहे."

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

"सोमवार होता. मला उपास. तुम्ही सगळे दोन तास जेवायला गेलात, मी एकटी राहिले. थांबल्यापासून एकेचाळिसाव्या मिनिटाला हे हृदय आपणहून चालू झालं. ऊब दिली नव्हती, विजेचा झटका दिला नव्हता."

बशीतलं हृदय एक ठोका देतं. रेघ उडी मारते. आम्ही दोघी वाकून बघतो.

"मग सुईने सही करायची," मादाम म्हणतात. "ज्याचा प्रयोग त्याची सही. आणि तू माझं नाव कोरलंस."

"आमच्याकडे गुरूला डावलून स्वतःचं नाव पुढे करत नाहीत. वाटलं, तुम्ही बघाल आणि बदलायला लावाल."

"काजळी पुसू नये म्हणून वरून लाखेचा थर फिरवून मोकळी झाली होतीस. वाळल्यावर काय बदलणार?"

"तोंडाने तर तुम्हाला लोकांना सांगता आलं असतं."

आता आम्ही रत्नागिरीतच, मांडवीच्या धक्क्यावरून चालतो आहोत, पांढरा कोट घातलेल्या मादामच्या हातात त्यांचे बूट.

"संध्याकाळी सांगणार होते," त्या म्हणतात. "मग म्हटलं, परिषद झाल्यावर. मग पदक मिळालं. मग तू परतीच्या बोटीत बसलीस."

"मी तीस वर्षं मुलांना तो आलेख तुमचा म्हणून शिकवला."

"नीट शिकवलास?"

"उत्तम शिकवला."

"मग अडलंय कुठे? मला चोर म्हणायला भितेस?"

"गेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, मादाम."

"मग इतका वेळ मी काय करतेय?"

मला हसू येतं. त्या सुई पुढे करतात. धक्क्याची भिंत लांबवर काजळीने मढली आहे.

"कोर. तारीख विसरू नकोस. माझं नाव घालायचं की नाही, ते तुझं तू बघ."

शहाऐंशीव्या वर्षी माझ्या हातात चहाचा कप हलतो. सुई हलत नाही. मी सावकाश कोरते.

"आई, चहा झालाय."

ऋजुता कप घेऊन दारात उभी आहे. माझ्या मुठीत अंबाड्यातला आकडा आहे. उशीजवळच्या लोखंडी कपाटाच्या काळ्या रंगावर, ओळ जराही न चुकता, पांढरी अक्षरं उमटली आहेत: कमलिनी रेगे. खाली आजची तारीख. दुसरं नाव नाही.

ऋजुता कप खाली ठेवून वाकून बघते. "अहो आई, हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणते. "माझ्याच हातचं आहे ते."