डिकीची किल्ली

आमच्या गाडीला दोन किल्ल्या. एकीने इंजिन चालू होतं, दुसरीने डिकी उघडते. इंजिनाची किल्ली दौंडला माझ्या घरी, दाराशेजारच्या खिळ्याला असते. डिकीची कॅनडात असते. हे ऐकून माणसं आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा काळजीने बघतात.

गाडी जुनी, दोन सीटांची, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्स कार. कुरकुंभच्या ज्या कंपनीत मी आणि माझा मित्र एकाच शिफ्टला होतो, तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी ती विकायला काढली. आम्ही दोघांनी निम्मी-निम्मी घेतली. दोघांचीही लग्नं व्हायची होती, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. माझ्या वडिलांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच म्हणाले, "हिच्यात खताचं एक पोतं तरी बसंल का?" बसत नव्हतं. आम्ही बसवून बघितलं होतं.

मित्र खुटबावचा. त्याचे वडील आणि चुलते यांची विहीर सामाईक, मोटर एक आणि बोलणं बंद. मोटरच्या खोलीची किल्ली एकाने ठेवायची, दुसऱ्याने फ्यूज काढून खिशात घालून हिंडायचं, म्हणजे एकट्याला पाणी उपसता येऊ नये. हे बघत तो मोठा झालेला. गाडी घरी आली त्याच दिवशी त्याने किल्ल्यांची वाटणी केली. "इंजिन तुझं, डिकी माझी. स्टेपनी डिकीत हाय, ध्यानात ठेव. माझ्याबिगर गेलास आन् पंक्चर झाली, तर बस बोंबलत." त्यांच्या विहिरीवर जे संशयापोटी चालायचं, ते आम्ही हौसेने चालवलं.

सुट्टी जुळली की चौफुल्यावरून पारगावकडे निघायचं. भीमेच्या पुलाच्या अलीकडे गाडी लावायची, तो डिकी उघडून गोणपाट काढायचा, ते अंथरून आम्ही भेळ खायचो. बोलायचो काय, ते विचारू नका. साहेब, बढती, बघितलेल्या मुली, न बघितलेल्या मुली. त्यातलं एक वाक्यही जपून ठेवण्यासारखं नव्हतं. तरी आज मला कुणी काय हवं म्हणून विचारलं, तर मी त्या गोणपाटावरची एक दुपार मागेन.

मग त्याला कॅनडातली नोकरी लागली. जाताना सगळं सामान बांधून झालं, अंगणात माणसं जमली, आणि मी हात पुढे केला. मला वाटलं, किल्ली देऊन जाईल. त्याने ती आपल्या खिशात टाकली. "ही माझ्याकडं राहू दे. म्हंजी यावं लागंल." मला इतकं बरं वाटलं की मी निरोपाचं काही बोललोच नाही.

तो एकदा आला. डिकी उघडली, स्टेपनीत हवा भरून आणली, पुलावर गेलो, भेळ खाल्ली. त्यानंतर त्याचे आई-वडील पाठोपाठ गेले. आई गेली तेव्हा तो धावत आला आणि तेरावं होताच गेला; त्या वेळी डिकीचा विषय काढण्यासारखा नव्हता. शेत वाट्याने दिलं. आता खुटबावात त्याने यावं असं कुणी राहिलेलं नाही, आणि दौंडात मी एकटाच आहे. एका मित्रासाठी माणूस विमानाचं तिकीट काढतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत आलो.

गाडी मात्र मी चालती ठेवली. बायको तिला सवत म्हणते, पण गजरा माळून तिच्यात बसतेही ऐटीत. गेल्या वर्षी शिरूरला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता. बायकोने ठेवणीतली पैठणी नेसली आणि आम्ही निघालो. न्हावऱ्याच्या जरा अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी डिकीत, डिकीला कुलूप, किल्ली सातासमुद्रापार. बायको शेवटी एका टेम्पोत पुढे बसून, मांडीवर कोबीचं गाठोडं घेऊन माहेरी पोचली. त्या दिवसाबद्दल तिने मला अजून पुरतं माफ केलेलं नाही.

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याला फोन लावला. खूप हसेल असं वाटलं. हसलाच, पण मग म्हणाला, "किल्ली कुरिअरनं पाठवतो लेका. उद्याच टाकतो."

मी "नको" म्हणालो. तो म्हणाला, "अरे, वेड्यासारखं करू नको. मी कवा येणार आन् कवा उघडणार?" हे तो अगदी सहज, काळजीने बोलला. मी मात्र दुसराच हिशोब केला. ती किल्ली पाकिटात बसून एकटी आली, की तो येणार नाही हे ठरलंच. "राहू दे, मी बघतो काय करायचं," म्हणून मी फोन ठेवला, एका ट्रकवाल्याचा जॅक मागून चाक काढलं आणि न्हावऱ्यात जाऊन पंक्चर काढून आणलं.

बायको म्हणाली, "स्टेशनजवळचा चावीवाला नवी किल्ली करून देईल की." देईल. पण मग दोन्ही किल्ल्या माझ्याकडे आल्या, आणि दोन्ही किल्ल्या एकाकडे असू नयेत एवढाच तर आमचा करार होता. डिकी उघडायला हवी आणि किल्ली तिथेच राहायला हवी, असा मार्ग मला हवा होता. तो एका नव्या गाडीत सापडला. मेहुण्याने सीटवर बसल्या बसल्या खालचं लिव्हर ओढलं आणि मागे डिकी टक्कन उघडली. म्हटलं, आपल्यालाही हेच हवं.

दौंडमधल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना सगळे आप्पा म्हणतात. त्यांना सांगितलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "या वयात तिला लिव्हर?" पण कामाला लागले. सीटमागची फळी काढली, आत हात घालून लांब स्क्रू ड्रायव्हरने डिकीचा खटका रेटला, आणि इतक्या वर्षांनी ती उघडली. आत स्टेपनी, जॅक आणि घडी घातलेलं गोणपाट. स्टेपनी दाबून बघितली, तर तिच्यात हवाच नव्हती. जिच्यासाठी एवढा खटाटोप, ती तिथे पडल्या पडल्या बसली होती. गोणपाट मी बाहेर काढलं नाही.

भंगारातल्या एका छोट्या गाडीचं लिव्हर आणि केबल आप्पांनी आणली. लिव्हर माझ्या सीटच्या कडेला, दारालगत बसवलं. केबल कार्पेटखालून मागे नेली. खटक्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "हे किल्लीचं लॉक काढून टाकतो. मधी येतंय. केबल सरळ बसंल."

"लॉक राहू द्या, आप्पा."

"किल्ली न्हाई तुमच्याकडं. मग लॉक कशापाय?"

"किल्ली आहे. माझ्याकडे नाही एवढंच. तिनेही उघडायला पाहिजे आणि लिव्हरनेही."

त्यांनी कपाळावर हात मारला नाही, पण मारल्यासारखं तोंड केलं. एक दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं. खटक्याला बाजूने एक पट्टी वेल्ड करून तिला केबल जोडली, म्हणजे लॉकला धक्का नको. पहिल्यांदा लिव्हर ओढलं तर काहीच झालं नाही, केबल सैल होती. ताणून बसवली, तर सीट मागे सरकवली की डिकी आपोआप उघडायला लागली, कारण केबल सीटच्या पट्टीखाली चेपत होती. ती बाजूला घेऊन क्लॅम्प मारले. मग मी ओढलं आणि मागे टक्कन आवाज आला. आरशात डिकीचं झाकण वर झालेलं दिसलं आणि मला उगाच वाटलं की मागे तो उभा आहे.

"किल्लीनं उघडंल ना?" मी विचारलं.

"उघडाया पायजे. पण किल्लीबिगर मी छातीठोक कसं सांगू?"

रविवारी सकाळी त्याला व्हिडिओ कॉल केला. त्याच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती. फोन बायकोच्या हातात दिला, मी सीटवर बसून लिव्हर ओढलं. डिकी उघडली. तो लहान पोरासारखा खूश झाला, पुन्हा ओढायला लावलं. बायकोने कॅमेरा आत नेला तेव्हा त्याला गोणपाट दिसलं असणार, कारण 'पुन्हा ओढ' म्हणायचं त्याने थांबवलं. मग म्हणाला, "म्हंजी आता ही किल्ली कशाला ठिवू मी?"

मी फोन हातात घेतला. "लॉक काढू दिलं न्हाई मी. किल्लीनं उघडतंय का, तेवढं बघायचं राहिलंय. ते तुलाच बघावं लागंल."

तो उठून गेला. मला वाटलं, विषय टाळतोय. परत आला तो जुडगा घेऊन. तिकडच्या घराची, ऑफिसची, तिकडच्या गाडीची किल्ली, आणि मधे आमची. त्याने ती कॅमेऱ्यासमोर धरली. सगळीकडे फिरून, बाकीच्या किल्ल्यांवर घासून तिचे दात बोथट झाले होते आणि ती नव्या नाण्यासारखी चमकत होती. म्हणजे ती कधी कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलेली नव्हती. रोज त्याच्या खिशात होती.

"लई झिजलीय रे," तो म्हणाला.

"पुरती झिजायच्या आत ये," मी म्हणालो.

तो हसला नाही. किल्ली तशीच हातात धरून बसला, आणि मीही फोन ठेवला नाही.